आधी ब्रेक, मग डिफरन्स, मग इंजिन : १९७६ च्या ॲम्बॅसिडरला १८०० इंजिन बसवण्याचं एक प्रकरण

गाडी ॲम्बॅसिडर, मार्क ३, सन १९७६. कोल्हापुरात शाहूपुरीत आमची गुळाची अडत. आबांनी ही गाडी नवी घेतली त्या काळात पैसे भरूनही नंबर लागेपर्यंत थांबावं लागे. पुढची २८ वर्षं त्यांनी ती रत्नागिरी, सांगली, पुणे अशी चालवली. माझ्या बहिणीची पाठवणी याच गाडीतून झाली. त्यामुळे २००४ साली गाडीचं इंजिन खऱ्या अर्थाने थकलं, तेव्हा विकायचा विषय घरात निघालाच नाही. विषय एवढाच होता की आता हिच्यात काय घालायचं.

हे प्रकरण मी पहिल्यापासून लिहून काढतोय, कारण या कामात आम्ही एक गोष्ट चुकीच्या क्रमाने केली आणि त्याची किंमत आंबा घाटात मोजली. एक गोष्ट मात्र बरोबर केली होती. ती आज, गाडीला ५० वर्षं झाल्यावर, कामाला आली आहे.

मूळ दुखणं

मार्क ३ मधलं इंजिन १४८९ सीसीचं, ब्रिटिश बीएमसी घराण्यातलं. पुशरॉडचं, लोखंडी हेडचं (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण), जेमतेम ५० अश्वशक्तीच्या आसपास ताकद. साधं आणि सोशिक इंजिन. कुठल्याही तालुक्याच्या गावात ते उघडून बसवणारा माणूस भेटायचा.

पण १ फेब्रुवारी २००० पासून देशभर फक्त शिसं नसलेलं पेट्रोल मिळू लागलं. हवेसाठी ते योग्यच झालं. या जुन्या इंजिनांना मात्र त्याचा एक त्रास होतो, आणि तो हळूहळू होत असल्याने लवकर लक्षात येत नाही. यांच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची बैठक वेगळी बसवलेली नसते, हेडच्याच लोखंडात कापलेली असते. शिशाच्या पेट्रोलचा एक पातळ थर या बैठकीवर बसायचा आणि व्हॉल्व्ह आपटताना तो गादीसारखा मध्ये राहायचा. तो थर गेला की तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थेट लोखंडावर आपटतो, बैठक झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो. तो सरकला की टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधली जागा, कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं.

आमच्या गाडीचं नेमकं हेच चाललं होतं. हजार-पंधराशे किलोमीटर झाले की फिलर गेजची पट्टी टॅपेटमध्ये जायची बंद. गाडी सकाळी उठेना, घाटात ओढेना. त्यात बोअर, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे करणं, दोनदा झालेलं. उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळून चालायचं, कारण उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी चढावर मान टाकायची. ते फडकं भिजवायला आई पाण्याची बाटली पायाशी घेऊन बसत असे.

१८०० च का

तीन वाटा होत्या. हेडला नव्या बैठका बसवून आणि खालचं काम करून हेच इंजिन पुन्हा उभं करायचं, डिझेल घालायचं, किंवा त्याच कंपनीचं पुढच्या काळातलं पेट्रोल इंजिन घालायचं.

डिझेलला आबांचा नकार होता आणि माझाही. उरल्या दोन. आज विचाराल तर मी पहिली वाट सुचवेन. पण तेव्हा गाडी रोजच्या धंद्यात होती. पुणे-बंगळूर रस्ता चौपदरी होत होता आणि त्यावर ताशी ६५ ने जाणारी गाडी मागच्या ट्रकना अडचण वाटू लागली होती.

तिसरी वाट आम्हाला कारखान्यानेच दाखवून ठेवली होती. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ॲम्बॅसिडरमध्येच जपानी इसुझू घराण्याचं १८१७ सीसीचं इंजिन घालून '१८०० आयएसझेड' गाडी काढली. ७५ अश्वशक्ती, कॅमशाफ्ट हेडमध्ये, पाच गिअर आणि गिअरचा दांडा स्टेअरिंगखालून निघून थेट खाली जमिनीवर. हीच इसुझू इंजिनं कंपनी मध्य प्रदेशात पिथमपूरला बनवत होती. कॉन्टेसाचंही तेच झालं होतं. १९८४ मध्ये ती मोठी, देखणी गाडी आली ती याच १४८९ सीसीच्या इंजिनावर, आणि त्या अंगाला ते इंजिन पुरलंच नाही. इसुझू बसल्यावर कॉन्टेसा खरी चालायला लागली. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियरनेही वेगळं केलं नाही. ११८ एनई म्हणजे फियाट १२४ चं अंग आणि आत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन. जुन्या अंगात नवं काळीज घालणं हा आपल्याकडे हौशी लोकांचा शोध नाही, कारखान्यांनी तो रीतसर केलेला आहे.

आमच्या दृष्टीने यात कळीचा मुद्दा असा की १८०० ची गाडी आणि आमची गाडी, दोघींचं अंग मुळात एकच, मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आलेलं. म्हणजे कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, कुठला डिफरन्स (इंजिनाची फिरकी मागच्या चाकांकडे वळवणारा, मागच्या एक्सलमधला गिअरांचा संच) आणि कुठले ब्रेक एकमेकांशी जुळतात, याचं गणित कंपनीच्या अभियंत्यांनी आधीच सोडवलेलं होतं. आम्ही फक्त त्यांचं उत्तर उचलायचं. आणि सुरुवातीच्या १८०० मध्ये कार्ब्युरेटरच होता. एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, नंतर आलं. कॉम्प्युटर, सेन्सर, त्यांचं वायरिंग, ही कटकटच नको होती.

मिस्त्री काय म्हणाले होते

उद्यमनगरातले आमचे मिस्त्री त्या वेळी साठीला आलेले. फाउंड्र्या आणि लेथच्या आवाजात उभं आयुष्य गेल्याने बोलतात मोठ्याने, पण बोलतात मोजकं. मी त्यांना सगळी योजना सांगितली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. गाडीखाली वाकून मागच्या हौसिंगवर हाताने थाप मारली.

"दादा, इंजिन काय, चार दिसांत बसतंय. ते पळवणार, मग ही थांबणार कशी? आणि एवढा पीळ ह्यो डिफरन्स सोसणार का? आधी ब्रेक, मग डिफरन्स, मग इंजिन. उलटं करू नका."

मी ते घरी येऊन आबांना सांगितलं. आबांचा हिशेब वेगळा होता. गूळ हंगामाच्या तोंडावर एकदम एवढा पैसा काढायचा नव्हता, आणि गाडी बंद होती ती इंजिनामुळे. ब्रेक तर लागत होते. "आधी चालू तर होऊ दे, बाकीचं वर्षभरात करू," असं ते म्हणाले, आणि मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला पाच गिअरची घाई झाली होती.

मिरजेच्या बाजूला एका यार्डात लिलावातून आलेली सरकारी १८०० उभी होती. पुढून ठोकलेली, पण इंजिन आवाजाला स्वच्छ. यार्डवाला पूर्ण गाडीच घ्या म्हणत होता. आम्ही इंजिन, गिअरबॉक्स, त्यांची माउंटिंगची ब्रॅकेटं, रेडिएटर, आल्टरनेटर आणि मीटर एवढंच उचललं. २४ हजार दिले. डिफरन्स तिथेच सोडून आलो. या सगळ्या व्यवहारातली सगळ्यात महाग बचत ती.

कागदाचं काम मात्र आधी केलं. आरटीओत अर्ज, बदलाची पूर्वपरवानगी, जुन्या इंजिनाचा नंबर, नव्याच्या खरेदीची पावती, काम झाल्यावर तपासणी, आरसी बुकात नव्या इंजिनाच्या नंबराची नोंद, आणि ती नोंद विमा कंपनीला कळवणं. हे सगळं करायला इंजिन बसवण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

जुळवाजुळव

जुनं इंजिन चेन कप्पीवर वर आलं तेव्हा आबा स्वतः हजर होते. मिस्त्रींनी ते भंगारात द्यायचं का असं विचारलं. आबांनी नाही म्हटलं. त्याच्या प्लगच्या भोकांतून ऑइल सोडलं, तोंडं चिंध्यांनी बंद केली, आणि गिअरबॉक्ससकट ते लाकडी फळ्यांवर ठेवून आमच्या गुळाच्या गोदामात मागच्या भिंतीला लावून ठेवलं. गोदामात गोणपाट टाकून झाकलेलं ते इंजिन पुढे वीस वर्षं तिथेच होतं.

आम्ही स्वतःला एक नियम घालून घेतला होता: गाडीच्या अंगाला वेल्डिंग करायचं नाही. नव्या इंजिनाच्या माउंटिंगसाठी जी जोड-ब्रॅकेटं लागली ती सगळी मूळच्या बोल्टच्या भोकांवर कसता येतील अशी उद्यमनगरात बनवून घेतली. त्यासाठी पुठ्ठ्याचे साचे तीनदा कापले. इंजिन अर्धा इंच मागे, मग पाव इंच पुढे, पंख्याचं पातं रेडिएटरपासून बोटभर दूर राहील असं. पुठ्ठ्यावर चुकलेलं फुकटात दुरुस्त होतं, लोखंडावर होत नाही.

एका ठिकाणी मात्र कापावंच लागलं. मूळ गाडीचा गिअर स्टेअरिंगवर. नव्याचा दांडा खालून वर येणार. म्हणजे दोन सीटच्या मधल्या बोगद्याच्या पत्र्याला भोक पाडणं आलं. मिस्त्री गॅसकटर घेणार होते. आबांनी थांबवलं. "गॅसने नको, पत्रा जळंल. करवतीने काढा, आणि तुकडा माझ्याकडे द्या." तळहाताएवढा तो तुकडा त्यांनी घासून, ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्यावर पेनाने तारीख आणि गाडीचा नंबर घातला. त्या वेळी मला ते म्हातारपणाचं हळवेपण वाटलं होतं.

आता आमच्या चुकीचं पहिलं फळ. नव्या गिअरबॉक्सला जुना डिफरन्स जोडायचा तर मधला शाफ्ट कुठला घालायचा? १८०० च्या शाफ्टचं पुढचं टोक बसे, मागची फ्लॅन्ज बसेना. जुन्याचं नेमकं उलटं. म्हणून एकाचं पुढचं आणि दुसऱ्याचं मागचं टोक घेऊन मधली नळी कापून जोडली. लेथवर धरून सरळ केली, वजनं लावून बॅलन्सही केली. तरी रस्त्यावर आल्यावर ताशी ६५ ते ७० च्या दरम्यान बुडाखालून गुरगुर यायची, आणि ७५ च्या पुढे ती आणखी वाढायची.

पंधरा दिवस आम्ही चाकं बॅलन्स करण्यात घालवले. दोष चाकात नव्हताच. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे क्रॉस असतात, ते कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग घेतात आणि दोनदा सोडतात. पुढच्या क्रॉसची ही धडधड मागचा क्रॉस उलटी करून मिटवतो. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. जोडताना आमचे काटे काही अंश फिरलेले राहिले होते. मिस्त्रींनी शाफ्ट सपाट फरशीवर ठेवला, दोन्ही काट्यांतून सळया घातल्या आणि मला एका टोकाने डोळा लावायला सांगितलं. दोन सळया घड्याळाच्या काट्यांसारख्या वेगळ्या दिशेला दिसत होत्या. जोड पुन्हा कापून सरळ केला आणि गुरगुर गेली.

मीटरने सांगितलेलं

गाडी आता जीव आल्यासारखी पळू लागली. पण मीटर पटेना. रस्त्यातल्या किलोमीटरच्या दगडांवर घड्याळ लावलं: काटा ६० वर धरला तर एक किलोमीटरला ७० सेकंद लागत होते. म्हणजे खरा वेग ५१ च्या आसपास. मीटर नव्या गिअरबॉक्सबरोबरच आलेलं होतं, त्यामुळे ते केबलमध्ये अडकलेलं किंवा बिघडलेलं आहे असं आम्ही धरलं आणि सोडून दिलं.

ते बिघडलेलं नव्हतं. मीटर फिरतं गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून, म्हणजे मधल्या शाफ्टच्या फेऱ्यांवरून. १८०० चा डिफरन्स असा की शाफ्टचे चाराहून किंचित कमी फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. आमच्या जुन्या डिफरन्सला त्याच एका फेऱ्याला साडेचारहून थोडे जास्त फेरे लागत. कमी ताकदीच्या इंजिनाला तसाच डिफरन्स देतात, चढावर ओढायला सोपं जावं म्हणून. मीटर आम्हाला रोज सांगत होतं की शाफ्ट गरजेपेक्षा सुमारे सहाव्या हिश्श्याने जास्त फिरतोय. याचाच दुसरा अर्थ: इंजिनाचा पीळ मागच्या एक्सलवर पोचेपर्यंत कंपनीच्या १८०० पेक्षा तेवढाच जास्त वाढतोय. आधीच दीडपट ताकदीचं इंजिन, त्यात हा वाढीव पीळ, आणि तो सोसायला २८ वर्षांचा जुना एक्सल. म्हणजे आमच्या एक्सलवर १४८९ च्या काळापेक्षा तर जास्त पीळ येत होताच, कारखान्याच्या १८०० पेक्षाही जास्त येत होता.

२००५ च्या मे महिन्यात रत्नागिरीहून येताना, साखरपा सोडून घाट चढत असताना, एका वळणावर ट्रकला वाट देऊन थांबलो. पहिला टाकून क्लच सोडला. मागून काठी मोडल्यासारखा आवाज आला. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि गाडी जागची हलेना. उलट मागे सरकू लागली.

पुढचं सगळं दोन-तीन सेकंदांत झालं. मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, आणि भाच्याने उडी मारून चाकामागे दगड लावला. आई मागे बसली होती. तिने एक शब्द काढला नाही, नुसता पुढच्या सीटचा दांडा धरून ठेवला होता. या गाडीत चाक एक्सल रॉडवर लटकलेलं नसतं, हौसिंगच्या टोकावरच्या बेअरिंगवर असतं. म्हणून रॉड तुटला तरी चाक निघालं नाही. त्या रचनेने त्या दिवशी आम्हाला वाचवलं. एका टेंपोने ओढून मलकापुरापर्यंत आणलं.

उद्यमनगरात रॉड बाहेर काढल्यावर मिस्त्रींनी तुटलेलं तोंड रॉकेलने पुसून माझ्यासमोर धरलं. दात्यांच्या मुळाशी एका कडेला नखाएवढा भाग काळपट आणि गुळगुळीत होता, बाकी सगळा चमकता, साखरेसारखा दाणेदार. गुळगुळीत भाग म्हणजे जुनी चीर. ती कित्येक महिने, कदाचित वर्षं, उघडमीट करत घासली गेली होती. दाणेदार भाग त्या दिवशी एका दमात तुटलेला. म्हणजे सगळा दोष नव्या इंजिनाचा नव्हता. चीर आधीपासून होती, आम्ही तिला पीळ दिला. इंजिन बसवताना रॉड बाहेर काढून एकदा पाहिला असता तर कदाचित दिसली असती. तो पाहण्याचं काम आम्ही 'वर्षभरात करू' या यादीत टाकलं होतं.

मिस्त्री मला काहीही बोलले नाहीत. त्यांनी रॉडचे दोन्ही तुकडे फळीवर ठेवले आणि विचारलं, "आता ब्रेकचं काय करायचं?"

दुसरा टप्पा

मिरजेच्या यार्डातल्या गाडीचा डिफरन्स एव्हाना गेला होता. दुसरी १८०० मिळायला पाच महिने लागले, आणि ती मिळाली नंतरच्या काळातली, पुढे डिस्क ब्रेक आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर असलेली. या वेळी आम्ही पूर्ण गाडी घेतली. मागचं हौसिंग सगळंच्या सगळं, मधला शाफ्ट, पुढची चाकं ज्यावर बसतात त्या टोकांसकट डिस्क, पेडल, बूस्टर, मास्टर सिलिंडर आणि हँडब्रेकच्या केबलसुद्धा. बूस्टरसाठी इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला बोल्टची चार भोकं पाडावी लागली. बोगद्यातलं भोक आणि ही चार, एवढीच गाडीच्या अंगाला आम्ही केलेली इजा.

ब्रेक बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर आम्ही एक चाचणी घेतली, आणि असं काम करणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी असं मला मनापासून वाटतं. शिरोलीच्या बाजूला एक मोकळा, सरळ रस्ता पाहिला. पहाटे जाऊन चुन्याची रेघ मारली. खऱ्या ताशी ६० ने येऊन रेघेवर ब्रेक दाबायचा आणि टेपने अंतर मोजायचं, लागोपाठ तीन वेळा, मध्ये थंड होऊ न देता. चारही चाकांना ड्रम असताना पहिल्या खेपेला २५ मीटर लागले, तिसऱ्या खेपेला ३४. ड्रम तापून फुगतो, लायनर गुळगुळीत होतो आणि पेडल खाली जातं. पुढे डिस्क आल्यावर पहिल्या खेपेला २१, तिसऱ्याला २२. पहिल्या खेपेतला फरक चार मीटरचा, तिसऱ्यातला बारा मीटरचा. घाट उतरताना ब्रेक एकदाच दाबला जात नाही, म्हणून मी तिसऱ्या आकड्याला जास्त महत्त्व देतो. आणि वेग ८० चा १०० झाला की थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. पाचवा गिअर गाडीत आला तेव्हाच ही जबाबदारी आली होती, आम्ही ती सहा-सात महिने टाळली.

डिफरन्स बदलल्यावर मीटर आपोआप बरोबर दाखवू लागलं. काटा ६०, किलोमीटर ६० सेकंदांत. पूर्वी, १४८९ च्या काळात, ८० ला इंजिन मिनिटाला ३००० च्या आसपास फिरायचं आणि गाडीत मोठ्याने बोलावं लागायचं. आता पाचव्यात ते अडीच हजारांच्या खाली आलं. लांबच्या रस्त्याला लिटरमागे एक-दीड किलोमीटर वाढले, त्यासाठी मात्र कुणी इंजिन बदलू नये. सगळ्या कामाचा खर्च, घाटातलं आणि पुन्हा केलेलं धरून, ८५ हजारांच्या घरात गेला. मिस्त्रींच्या क्रमाने केलं असतं तर साठात झालं असतं.

पुढची वीस वर्षं

इसुझूने तक्रारीला जागा दिली नाही. एकदा पाणी कमी पडून हेडगॅस्केट गेलं. हेड ॲल्युमिनियमचं असल्याने ते वाकतं, प्लेन करून घ्यावं लागलं. लोखंडी हेडच्या सवयीने पाण्याच्या काट्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना हे सांगायलाच हवं. आल्टरनेटरमुळे रात्री सिग्नलला उभं राहिल्यावर दिवे मंद होणं थांबलं. गाडीचं वळणं मात्र होतं तसंच राहिलं. स्टेअरिंगमधली ढिलाई ६० ला जाणवत नव्हती, ती ९० ला जाणवू लागली. ती आम्ही कधीच पूर्ण घालवू शकलो नाही. मी तिला ९० च्या वर नेत नाही.

उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला. आबा त्याच्या पुढच्या वर्षी गेले. गोदामातल्या इंजिनावरचं गोणपाट आम्ही कुणी काढलं नाही.

५० वर्षांनंतर

दरम्यान कायद्याची बाजू बरीच बदलली. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोर लावलं. आमच्यासारखं काम आज काढणाऱ्याने पहिला खर्च करण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारावं. २००४ चा आमचा अनुभव दाखला म्हणून धरू नये.

दुसरं, जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात राखलेली, चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा बदल न केलेली असेल तर तिला 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये. त्या नंबरावर रोजची वापरणूक चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच गाडी रस्त्यावर आणता येते.

धाकट्या भावाला गाडी मूळ रूपात हवी आहे. माझ्या मते गाडी चालती राहिली पाहिजे, आणि चालायला १८०० च चांगलं. यावर घरात दोन दिवाळ्या बोलणं झालं. शेवटी मी मान्य केलं ते एका कारणासाठी: आज ही गाडी महिन्यातून दोनदा निघते. ज्या रोजच्या धंद्यासाठी इंजिन बदललं, तो धंदा आता दुसऱ्या गाड्या करतात. कारण संपलं असेल तर बदल परत घ्यायला हरकत नाही, आणि तो घेता येईल अशी सोय आबांनी करून ठेवली होती.

जुनं इंजिन गेल्या हिवाळ्यात उघडलं. आबांनी सोडलेलं ऑइल सिलिंडरच्या भिंतींवर मधासारखं घट्ट होऊन बसलं होतं. त्याखाली गंज नव्हता. हेडला या वेळी कडक बैठका बसवून घेतल्या आहेत, म्हणजे शिशाचा प्रश्न मिटला. इथेनॉलच्या पेट्रोलसाठी पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या नव्या प्रकारच्या घेतल्या. डिस्क, बूस्टर आणि मागचा डिफरन्स यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. डिफरन्स तर जुनाच लागेल, पण चारही चाकांना पुन्हा ड्रम घालायला माझं मन तयार होत नाही. नियमात चासी, अंग आणि इंजिन हे शब्द आहेत; ब्रेकबद्दल तपासणारा अधिकारी काय म्हणेल ते आधी विचारणार आहोत.

मिस्त्री आता थकलेत, गॅरेज त्यांचा मुलगा पाहतो. परवा मी आबांच्या कपाटातलं वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन गेलो. ग्रीस सुकून कागदाला चिकटलं होतं, पेनाची तारीख वाचता येत होती. त्याने पत्र्याचा तुकडा पुसला आणि बोगद्याच्या भोकावर ठेवून पाहिला. चारही बाजूंनी करवतीच्या पात्याएवढी फट राहिली. तो म्हणाला, "एवढी भरते," आणि वेल्डिंगची केबल ओढून आणायला आत गेला.